कागदांवर न आलेलें युद्ध

इतिहास लिहावयाचा तो अस्सल कागदांवरून लिहावा, बखरींवर विसंबून लिहूं नये, हा दंडक कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेच्या पहिल्या खंडांत मोठ्या आवेशानें मांडला, आणि महाराष्ट्रास त्याचा अतोनात उपयोग झाला. दप्तरांचे रुमाल सुटले, जुने कागद उजेडांत आले, व ऐकीव गोष्टींचा पाचोळा बराचसा उडून गेला. हा उपकार आम्ही मानतोंच. परंतु ह्या दंडकाची दुसरी एक बाजू आहे, व तिचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. ज्याचें काम कागदावर चढतें त्याचाच कागद मागें उरतो. सरदाराची रवानगी, फौजेची हजिरी, तोफखान्याचा खर्च, ह्यांचे कागद होतात. पण फौजेची भाकर ज्या बाईनें भाजली तिचा कागद कोण करणार? आणि कागद झाला नाहीं म्हणून तें काम झालेंच नाहीं, असें इतिहासकारानें समजावें काय?

असें मुळींच समजूं नये, हें ठासून सांगणारा एक ग्रंथ वाचकांच्या नजरेस आणावा म्हणून हा लेख लिहिला आहे. ग्रंथ रशियन भाषेंतील असून त्याच्या नांवाचा अर्थ ‘युद्धाला बाईचा चेहरा नसतो’ असा होतो. लेखिकेचें नांव स्वेतलाना अलेक्सिएव्हिच. त्यांचा जन्म १९४८ सालचा. वडील बेलोरशियन, आई युक्रेनियन, व दोघेंहि खेड्यांतील शाळेंत शिक्षक. अलेक्सिएव्हिचबाईंनीं मिन्स्क शहरीं वृत्तव्यवसायांत असतां १९७८ च्या सुमारास हें काम हातीं घेतलें. दुसऱ्या महायुद्धांत ज्या सोव्हिएट स्त्रिया आघाडीवर गेल्या होत्या त्यांना गांवोगांव हिंडून शोधून काढावयाचें, त्यांच्या स्वयंपाकघरांत बसावयाचें, आणि त्या जें सांगतील तें ध्वनिमुद्रणयंत्रावर टिपून घ्यावयाचें, असा तो उद्योग होता. अलेस आदामोविच ह्या बेलोरशियन लेखकानें दोन सहकाऱ्यांसह, जर्मनांनीं जाळलेल्या खेड्यांतून वांचलेल्या लोकांच्या तोंडच्या हकीकती जमवून १९७५ सालीं एक ग्रंथ केला होता. त्यालाच बाई आपला गुरु मानतात. बाईंचा ग्रंथ १९८५ सालीं निघाला व त्याच्या वीस लक्षांवर प्रती खपल्या. २०१५ सालीं त्यांना वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि २०१७ सालीं रिचर्ड पेव्हिअर व लॅरिसा व्होलोखॉन्स्की ह्या दांपत्यानें केलेलें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. रशियन न जाणणाऱ्या वाचकांनीं तेंच मिळवावें.

विषयाची व्याप्ति प्रथम ध्यानीं घेतली पाहिजे. जर्मन फौजा १९४१ च्या जूनच्या २२ तारखेस सोव्हिएट हद्दींत घुसल्या. १९४५ च्या मे महिन्यांत युद्ध संपलें तोंपर्यंत त्या देशाचीं सुमारें २ कोटि ७० लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. ह्या चार वर्षांत ८ ते १० लक्ष स्त्रियांनीं सैन्यांत काम केलें. त्यांत डॉक्टर व परिचारिका होत्याच. पण नेमबाज, तोफा डागणाऱ्या, रणगाडे हांकणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या, विमानें उडविणाऱ्या, बिनतारी यंत्रें सांभाळणाऱ्या अशाहि होत्या. पुष्कळ जणी सोळा-सतरा वर्षांच्या. भरतीच्या कचेरींतून त्यांना घरीं परत पाठवावें, आणि त्यांनीं वय वाढवून सांगून पुन्हां दारांत येऊन उभें राहावें, असें वारंवार घडे. एका मुलीनें तर आपला सगळा पगार चॉकलेटांवर खर्चून त्यांनीं एक पेटी भरली, व ती पेटी घेऊन ती रणांगणाकडे निघाली. ह्या पोरवयाच्या मुलींना सैन्यानें पहिलें काय केलें, तर त्यांच्या वेण्या कापल्या. मग त्यांना पुरुषांच्या मापाचे कोट, पुरुषांचीं आंतील वस्त्रें आणि पायांहून कितीतरी मोठे बूट दिले. स्त्रीदेहाच्या दरमहाच्या अडचणीची सोय सामानाच्या कोणत्याच यादींत नव्हती. लांबच्या कूचांत मुलींचे त्यापायीं जे हाल झाले ते त्यांनीं मुकाट्यानें सोसले.

ह्या संबंधांत लेखिकेनें एक मार्मिक गोष्ट नोंदली आहे. रशियन भाषेंत कित्येक लष्करी हुद्द्यांना स्त्रीलिंगी शब्दच नव्हता. तो युद्धांत नव्यानें घडवावा लागला. मराठी वाचकास हें लगेच पटेल. शिपाई, बारगीर, गोलंदाज ह्या आपल्या शब्दांचें स्त्रीलिंग करून पाहावें, म्हणजे जीभ कशी अडखळते तें कळून येईल. ज्या माणसाला भाषेंत शब्द नाहीं त्याला दप्तरांत रकाना तरी कोठून मिळणार?

नेमबाज व वैमानिक स्त्रियांच्या कथा चित्तवेधक आहेत यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें ह्या ग्रंथाचें खरें मोल, ज्या कामांत शौर्य आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं, त्या कामांच्या वर्णनांत आहे. सैन्याच्या पाठोपाठ धुणें धुणाऱ्या स्त्रियांच्या तुकड्या जात. अशा एका तुकडीवर देखरेख करणाऱ्या बाईची हकीकत ग्रंथांत आहे. सैनिकांचे रक्तानें माखलेले व थंडींत गोठून ताठ झालेले कपडे ह्या बायका हातांनीं धूत. साबण काळा आणि जहाल. त्यानें हातांना इसब होई व नखें गळून पडत. ओल्या धुण्याचीं ओझीं उचलून उचलून कित्येकींना अंतर्गळ झाला. धुवावयास आलेल्या एखाद्या सदऱ्याला बाही नसे, एखाद्याच्या छातीवर भोंक असे, एखाद्या विजारीला एक पाय नसे. तो कपडा ज्याच्या अंगावर होता त्याचें काय झालें हें धुणारीस कोणी सांगत नसे. सांगण्याची गरजहि नव्हती.

आतां, हें काम युद्धाचें नव्हे असें कोण म्हणेल? सैन्यांत कपडे धुतले गेले नाहींत तर उवा होतात, उवांमुळें टायफस ज्वर पसरतो, आणि त्या ज्वरानें फौजाच्या फौजा गारद होतात. १८१२ सालीं नेपोलियनच्या सैन्यानें ह्याच भूमीवर हा अनुभव घेतला होता. म्हणजे नखें गळालेल्या त्या हातांनीं जें अडवून धरलें तेंहि एक शत्रुसैन्यच होतें. मात्र त्या लढाईचा नकाशा कोणी काढला नाहीं. पाव भाजणाऱ्या मुलींचेंहि तसेंच. उद्ध्वस्त झालेल्या गांवीं पोंचावें, लोखंडी भट्ट्या मांडाव्या, लांकडें व पाणी गोळा करावें, पिठाचीं अवजड पोतीं दोघी-दोघींनीं मिळून वाहावीं, आणि रात्रंदिवस पाव भाजावे. फौज हालली कीं पुन्हां सगळें उचलून पुढें निघावें. इतिहासाच्या पुस्तकांतील नकाशावर चाल करून जाणाऱ्या सैन्याचे बाण दाखविलेले असतात. त्या बाणाच्या टोंकाशीं जो माणूस असतो त्याला रोज पाव लागतो, हें ह्या हकीकती वाचल्यावर विसरतां येत नाहीं.

कागद आणि आठवण यांतील अंतर सर्वांत स्पष्ट दिसतें तें जखमींना उचलून आणणाऱ्या मुलींच्या बाबतींत. येथें अस्सल कागद उपलब्ध आहे. १९४१ च्या ऑगस्टमध्यें सोव्हिएट संरक्षणखात्यानें २८१ क्रमांकाचा एक हुकूम काढला. रणांगणावरून १५ जखमी सैनिक त्यांच्या बंदुका किंवा हलक्या मशीनगनींसह बाहेर काढणाऱ्यास पदक. २५ काढणाऱ्यास ‘लाल तारा’. ४० काढणाऱ्यास ‘लाल निशाण’. आणि ८० काढणाऱ्यास सर्वोच्च असा ‘लेनिन’ हा सन्मान. हुकुमाच्या शब्दांत माणसाबरोबर बंदूकहि मोजली आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. आतां ह्याच कामाविषयीं ग्रंथांतील एक स्त्री काय सांगते तें पाहा. तिचें स्वतःचें वजन ४८ किलो. ओढून आणावयाचा सैनिक, त्याचा जाड कोट, त्याचे बूट व त्याची बंदूक मिळून ओझें ८० किलोंच्या घरांत. एकाला खड्ड्यांत आणून ठेवावें व दुसऱ्यासाठीं परत गोळीबारांत सरपटत जावें. एका चढाईंत असें पांच-सहा वेळां. तिनें बाहेर काढलेल्या जखमींची संख्या ४८१ भरते. हुकुमाचें कोष्टक ८० वर संपतें. कागद येथें खोटा नाहीं; पण त्या कागदावरून त्या ४८ किलोंची कोणास कल्पनाहि आली नसती. पुढें आयुष्यभर जिला लाल रंग पाहवत नाहीं, किंवा खाटकाच्या दुकानीं जिला पाऊल टाकवत नाहीं, अशा स्त्रियाहि ह्या ग्रंथांत भेटतात. त्या गोष्टीचा रकाना कोणत्या हुकुमांत असणार?

ज्यांची कीर्ति आधींच झालेली आहे त्यांच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. मारिना रास्कोवा ह्या प्रसिद्ध वैमानिक स्त्रीच्या खटपटीनें १९४१ च्या ऑक्टोबरांत स्त्रियांचीं विमानदळें उभीं राहूं लागलीं. त्यांपैकीं रात्रीं बाँब टाकणारें दळ विशेष गाजलें. लांकूड व कापड यांच्या जुनाट विमानांतून जाणाऱ्या ह्या मुलींना जर्मन सैनिक ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. त्या दळांत विमानें दुरुस्त करणाऱ्या आणि अंधारांत जड बाँब हातांनीं उचलून विमानास लटकावणाऱ्याहि मुलीच होत्या, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. ल्युद्मिला पाव्लिचेंको हिच्या नांवावर ३०९ नेम नोंदलेले आहेत. ती १९४२ सालीं अमेरिकेस गेली असतां तेथील बातमीदारांनीं तिला तिच्या गणवेषाच्या घाटाविषयीं व तोंडाच्या रंगरंगोटीविषयीं प्रश्न विचारले. वीर म्हणून ज्यांचा गौरव झाला त्यांची ही कथा. मग धुणारीची व भाजणारीची काय असेल?

ती कथा युद्ध संपल्यानंतर सुरू होते, आणि ग्रंथाचा हाच भाग वाचकाच्या मनांत फार दिवस घर करून राहतो. सोव्हिएट राष्ट्राचे औपचारिक प्रमुख मिखाइल कालिनिन यांनीं १९४५ च्या जुलैत, सैन्यांतून मोकळ्या झालेल्या मुलींपुढें भाषण केलें व आपल्या कामगिरीविषयीं आपण बोलूं नये, तें दुसऱ्यांवर सोंपवावें, असा उपदेश केला. दुसरे बोलले, पण भलतेंच बोलले. पुरुषांबरोबर चार वर्षें छावणींत राहिलेली मुलगी ती, तिचें चारित्र्य तें काय, असें शेजारणी म्हणूं लागल्या. ज्यांच्या शेजारीं बसून तिनें उपास काढले होते ते सैनिकहि लग्न करतांना घरांत राहिलेली मुलगी पसंत करूं लागले. तेव्हां ह्या स्त्रियांनीं पदकें पेटींत टाकलीं व त्या मूग गिळून बसल्या. जखमांचे दाखले दाखविले असते तर सरकारी मदत मिळाली असती. पण अधू मुलीशीं लग्न कोण करील ह्या भीतीनें कित्येकींनीं ते लपविले, कोणी तर फाडून टाकले. येथें राजवाड्यांच्या दंडकाला निराळाच पेंच पडतो. कागद झाला नव्हता असें नाहीं. तो झाला होता, आणि जिचा तो होता तिनेंच जगावयासाठीं त्याचा नाश केला. राष्ट्राचें वर्तनहि फारसें निराळें नव्हतें: विजयदिनाची सार्वजनिक सुटी १९४८ पासून बंद झाली, ती १९६५ सालीं पुन्हां सुरू झाली.

एका घरांतील प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. नवराबायको दोघेंहि युद्धांत होतीं. बाईंनीं मुलाखतीसाठीं बायकोला गांठलें तेव्हां नवरा नाखुषीनें बाजूला झाला, पण जातां जातां बजावून गेला कीं, मीं शिकविलें आहे तसेंच सांग; रडूं नको, वेणी कापली म्हणून वाईट वाटलें असल्या बायकी गोष्टी काढूं नको. मागाहून बायकोनें कबूल केलें कीं, आदल्या रात्रीं नवऱ्यानें युद्धाच्या सरकारी इतिहासाचा खंड समोर घेऊन तिच्याकडून धडा घोकून घेतला होता. स्वतः भोगलेलें युद्ध जिला पुस्तकांतून पाठ करावें लागलें, तिची दैना याहून अधिक शब्दांत सांगण्याची गरज नाहीं. त्या नवऱ्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. बायकोचें हसें होऊं नये, एवढीच त्याची इच्छा असावी. पण अशाच सद्हेतूंनीं घरोघर इतिहास पुसला जातो.

ग्रंथ स्वतःहि ह्या पुसण्यांतून सहजासहजीं सुटला नाहीं. १९८३ सालीं तो लिहून तयार होता, पण दोन वर्षें प्रकाशनावांचून पडून राहिला. सोव्हिएट स्त्रीची वीरमूर्ति त्यानें मलिन होते, असा त्यावर आक्षेप होता. गोर्बाचेव्ह अधिकारावर आल्यावर तो छापला गेला, तोहि कांहीं मजकूर गाळून. पुढील आवृत्तींत बाईंनीं परीक्षकांनीं छाटलेला मजकूर परत घातला, व जो आपणच भिऊन गाळला होता तोहि वेगळा दाखविला. आपल्या भित्रेपणाची अशी उघड नोंद करणारे ग्रंथकार विरळा.

एवढी स्तुति केल्यावर दोष सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्यच आहे. पहिला दोष असा कीं, ह्या हकीकती घटनेनंतर पस्तीस-चाळीस वर्षांनीं सांगितलेल्या आहेत. तेवढ्या काळांत आठवणीवर पुष्कळ पुटें चढतात. दुसरा असा कीं, स्थळ व तारीख बहुधा दिलेली नसते, त्यामुळें ताडून पाहणें कठीण जातें. तिसरा अधिक गंभीर आहे. निरनिराळ्या स्त्रियांच्या तोंडचे बोल कधीं कधीं एकाच घाटाचे वाटतात, आणि आवृत्त्यांतूनहि त्यांत फरक आढळतो. म्हणजे लेखिकेचा हात त्यांवरून फिरलेला आहे, व कांहीं अभ्यासकांनीं ह्याबद्दल त्यांना दोष दिला आहे. चौथी गोष्ट उणीवेची. सोव्हिएट कारखान्यांतून युद्धकाळांत अर्ध्याहून अधिक कामगार स्त्रियाच होत्या, आणि शेतीचा भार तर जवळजवळ सर्वस्वीं त्यांच्यावर होता. परंतु ग्रंथाचें लक्ष मुख्यतः आघाडीवर व जंगलांतील गनिमी टोळ्यांवर आहे. स्त्रियांच्या युद्धकार्याचा हा समग्र इतिहास आहे असें समजून कोणी तो वाचूं नये.

हे दोष मान्य करूनहि आमचा अभिप्राय बदलत नाहीं. विष्णुभट गोडसे वरसईकर हे १८५८ सालीं वेढा पडला तेव्हां झांशींत होते. त्यांनीं आपल्या आठवणी सुमारें पंचवीस वर्षांनंतर लिहिल्या, व चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं त्या ‘माझा प्रवास’ ह्या नांवानें प्रसिद्ध केल्या. संपादकाचा हात त्यांवरूनहि फिरला होता. म्हणून तो ग्रंथ आपण टाकून दिला काय? तारखेसाठीं आपण कागदाकडे जातों. पण वेढ्यांत सांपडलेल्या गांवांत माणसांवर काय गुदरलें हें जाणून घ्यावयाचें तर भटजींकडेच जातों. अलेक्सिएव्हिचबाईंचा ग्रंथहि तसाच वाचावा. किती तोफा होत्या हें त्यास विचारूं नये. त्या तोफेपर्यंत गोळा कोणी वाहून नेला व त्या हातांचें पुढें काय झालें, हें विचारावें. कागद आणि आठवण हे एकमेकांचे वैरी नव्हेत. २८१ क्रमांकाचा हुकूम आणि त्या ४८ किलोंच्या मुलीची हकीकत शेजारीं ठेवली म्हणजेच खरा प्रसंग डोळ्यांपुढें उभा राहतो.

ग्रंथ करमणुकीचा नाहीं, व एका बैठकींत संपविण्याचाहि नाहीं. कांहीं पानें लहान मुलांच्या हातीं देण्याजोगीं नाहींत. परंतु कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं तो अवश्य वाचावा, आणि त्यांच्या वडिलांनींहि वाचावा. घरांतील बाई बोलूं लागली कीं तिचें वाक्य आपण पुरें करावयाचें, ही संवय रशियांतील नवऱ्यांपुरतीच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आणखी एक हिशेब वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. १९४१ सालीं अठरा वर्षांची असलेली मुलगी १९७८ सालीं पंचावन्न वर्षांची होती. तिला सर्व आठवत होतें, आणि तिच्या दारीं एक तिशीची बाई यंत्र घेऊन येऊन बसली. ती बाई त्या वेळीं आली नसती तर हा ग्रंथ पुढें कोणासहि लिहितां आला नसता. कारण आज ती मुलगी हयात असलीच तर तिनें शंभरी ओलांडलेली आहे. त्याच युद्धांत आपल्या देशांत १९४२ सालीं लष्कराचें स्त्री-सहायक दल निघालें, आणि १९४३ सालीं सिंगापुरांत आझाद हिंद सेनेची झांशीची राणी पलटण उभी राहिली. पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी यांची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण त्या दलांतून ज्यांनीं टेलिफोन सांभाळले, टंकलेखन केलें, जखमा बांधल्या, त्यांपैकीं किती जणींच्या स्वयंपाकघरांत कोणी जाऊन बसलें? त्या युद्धाच्या बाबतींत आतां फार उशीर झालेला आहे. त्यानंतरच्या युद्धांच्या, दुष्काळांच्या व स्थलांतरांच्या आठवणी सांगणाऱ्या स्त्रिया मात्र अजून घराघरांत आहेत. अलेक्सिएव्हिचबाईंचा ग्रंथ वाचून होतांच वाचकांनीं तिकडे वळावें.